विश्लेषण : रक्तातून प्लाझ्मा वेगळा करणारा पडदा शरीराशी कसा वागतो?

राजाराम पूल ओलांडला की कर्वेनगर मागे पडते आणि सिंहगड रस्ता सुरू होतो. जुन्या नावांनी सांगायचे तर अलीकडे हिंगणे बुद्रुक, पलीकडे हिंगणे खुर्द आणि मधे मुठा. २०२५च्या जानेवारीत पलीकडच्या काठाने, सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. संशयित धरून हा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्ण दगावले. पाणी उकळून प्या, असे आवाहन महापालिकेने केले, केंद्राचे पथक आले, कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय झाली.

त्या दिवसांत ‘आयव्हीआयजी’ या महागड्या इंजेक्शनचे नाव घरोघरी पोहोचले. एका बाटलीची किंमत वीस हजारांच्या घरात, हेही सर्वांना पाठ झाले. याच आजारावरचा दुसरा मान्य उपचार मात्र त्या मानाने कमी चर्चिला गेला. तो म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा काढून टाकून त्या जागी दुसरा द्रव भरणे. याला प्लाझ्मा एक्स्चेंज किंवा प्लाझ्माफेरेसिस म्हणतात. अतिदक्षता विभागात हे काम बहुतेकदा वीतभर लांबीची एक गाळणी करते. गाळणी म्हटली की चहाची आठवते, आणि तिथेच गल्लत होते. चहाच्या गाळणीला चहाशी काही देणेघेणे नसते. रक्ताच्या गाळणीतील पडदा आणि रक्त मात्र एकमेकांना प्रतिसाद देतात, आणि त्याचा परिणाम खाटेवरच्या माणसाला जाणवतो.

जीबीएसमध्ये प्लाझ्मा का काढायचा?

रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर द्रवाचा असतो. हा प्लाझ्मा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्यात तरंगत असतात. पाणी, क्षार, अल्ब्युमिन, रक्त गोठवणारी प्रथिने आणि रोगांशी लढणारी प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी त्यात विरघळलेल्या असतात.

जीबीएसमध्ये यातल्याच काही प्रतिपिंडांचा नेम चुकतो. पुण्यातील रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरील शर्करेची रचना आपल्या मज्जातंतूंवरील काही घटकांसारखीच असते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच पुढे स्वतःच्या मज्जातंतूंवर चालून जातात. पायांत मुंग्या, मग अशक्तपणा, मग जिना चढता न येणे आणि काही रुग्णांत श्वास घेणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचलेला लकवा, असा हा प्रवास असतो.

ही प्रतिपिंडे प्लाझ्मात आहेत, तर प्लाझ्माच बदलावा, हा त्यामागचा सरळ विचार. १९८५मध्ये उत्तर अमेरिकेत २४५ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत याचा फायदा दिसला. प्लाझ्मा बदललेले रुग्ण लवकर चालू लागले. १९९२मध्ये नेदरलँड्समधील चाचणीने आयव्हीआयजी त्याच तोडीचे असल्याचे दाखवले आणि १९९७मधील आंतरराष्ट्रीय चाचणीत, दोन्ही एकापाठोपाठ एक दिल्याने लक्षणीय जादा लाभ होत नाही, हेही समोर आले. इंजेक्शन दिल्यावर लगेच प्लाझ्मा बदलला तर लाखोंचे औषधच गाळणीतून पिशवीत जाते, हे वेगळे.

एका बैठकीत काम संपत नाही. भरलेल्या बादलीत नळ चालू ठेवून मगाने गढूळ पाणी काढत राहावे, तसे हे असते. शरीरात जेवढा प्लाझ्मा आहे तेवढा एकदा बदलला तरी जुन्यापैकी सुमारे ३७ टक्के उरतोच, कारण नवा द्रव जुन्यात मिसळत असतो. शिवाय प्रतिपिंडांचा निम्म्याहून अधिक साठा रक्तवाहिन्यांबाहेर, ऊतींमध्ये असतो. तो पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तात उतरतो. म्हणून साधारण एक दिवसाआड, चार ते सहा बैठका होतात.

गाळणीच्या आत काय असते?

बाहेरून ती पारदर्शक प्लास्टिकची नळकांडी दिसते. आत हजारो पोकळ तंतूंची जुडी असते. प्रत्येक तंतू म्हणजे अतिशय बारीक स्ट्रॉ. तिची आतली पोकळी मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ३०० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्त या पोकळीतून वाहते आणि तंतूच्या भिंतीला असलेल्या छिद्रांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो. पेशी आतच राहतात आणि पुढे शरीरात परत जातात. ही भिंत म्हणजेच पडदा किंवा मेम्ब्रेन.

डायलिसिसची गाळणी दिसायला अगदी अशीच असते, त्यामुळे नातेवाइकांचा अनेकदा समज होतो की रुग्णाची किडनीही गेली. दोन्हींत फरक छिद्रांचा आहे. डायलिसिसच्या पडद्याची छिद्रे काही नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या मापाची असतात. त्यातून युरियासारखे छोटे रेणू जातात, अल्ब्युमिन जात नाही. प्लाझ्मा गाळणाऱ्या पडद्याची छिद्रे साधारण ०.२ ते ०.६ मायक्रॉन, म्हणजे त्याच्या पन्नास-शंभर पट मोठी. त्यातून अल्ब्युमिन, प्रतिपिंडे, गोठवणारी प्रथिने असे सारेच बाहेर पडते. अडतात त्या फक्त पेशी. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची.

म्हणजे ही गाळणी वाईट प्रतिपिंडे निवडून काढत नाही. तिला चांगले-वाईट कळत नाही.

छिद्र मोठे केले तर काम लवकर होणार नाही का?

होईल, पण तांबड्या पेशींची किंमत मोजून. तांबडी पेशी सात मायक्रॉनची आणि छिद्र अर्ध्या मायक्रॉनचे, मग तिला धोका कसला, असे वाटू शकते. पण ही पेशी टणक गोळी नाही. शरीरातील सर्वांत बारीक केशवाहिन्यांतून ती स्वतःला दुमडून पुढे सरकते. ही लवचीकताच पडद्याजवळ तिच्यावर उलटते. पडद्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या दाबात फरक वाढला की पेशीचे आवरण जिभेसारखे छिद्रात ओढले जाते. मागून रक्ताचा प्रवाह तिला पुढे खेचत असतो. या ओढाताणीत पेशी फाटते आणि तिच्यातले हिमोग्लोबिन प्लाझ्मात मिसळते. छिद्र जितके मोठे, तितक्या कमी दाबाला हे घडते.

म्हणून डॉक्टर आणि तंत्रज्ञांची नजर यंत्रावरील दाबाच्या आकड्यावर असते. तो साधारण १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवला जातो. काढलेल्या प्लाझ्माचा रंगही बोलका असतो. तो पिवळसर हवा. गुलाबी छटा आली की पेशी फुटत आहेत किंवा एखादा तंतू तुटला आहे, असे समजून बैठक थांबवली जाते. फुटलेल्या पेशींतून निघालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना त्रासदायक ठरते.

छिद्र लहान ठेवले तर? मग दुसरी अडचण. रक्त पडद्यावरून वाहू लागताच काही क्षणांत प्रथिनांचा पातळ थर त्यावर बसतो. पाणी झिरपून जाते, मोठे रेणू भिंतीशी गर्दी करतात आणि खऱ्या पडद्यावर जणू दुसरा पडदा तयार होतो. सुरुवातीला सहज जाणारे मोठे रेणू तासाभराने अडखळू लागतात. कागदावर ०.३ मायक्रॉन लिहिलेले छिद्र प्रत्यक्षात तेवढे उरत नाही. ज्यांच्या रक्तात चरबी फार वाढलेली आहे किंवा थंडीत गोठणारी प्रथिने आहेत, त्यांच्यात ही गाळणी आणखी लवकर तुंबते. तुंबल्यावर तेवढाच प्लाझ्मा काढण्यासाठी दाब वाढवावा लागतो आणि प्रश्न पुन्हा पेशी फुटण्यावर येतो.

तंतूची पोकळी किती रुंद असावी, हाही यातलाच हिशेब आहे. पोकळी अरुंद असेल तर रक्त भिंतीला घासून वेगाने जाते आणि साचलेला थर खरवडला जातो. फार अरुंद केली तर रक्त अडकून गोठते. डायलिसिसच्या तंतूंची पोकळी सुमारे २०० मायक्रॉन पुरते. प्लाझ्मा काढल्यावर मागे उरणारे रक्त मात्र अधिक दाट असल्याने इथे ती मोठी ठेवावी लागते.

मानेत जाड नळी का घालावी लागते?

आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना सर्वाधिक हादरवणारा क्षण म्हणजे मानेत किंवा जांघेत जाड कॅथेटर घालण्यासाठी मागितलेली सही. या नळीचे मूळही पडद्याच्या रचनेत आहे.

रक्तात पेशींचे प्रमाण ४० टक्के धरू. तंतूतून जाताना त्यातला ३० टक्के प्लाझ्मा काढला तर दुसऱ्या टोकाला पेशींचे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. रक्त दाट होते, पण वाहते. हाच वाटा ८० टक्के केला तर पेशींचे प्रमाण ७७ टक्क्यांपर्यंत जाईल. तो जवळजवळ मुरंबाच झाला. तो ३०० मायक्रॉनच्या तंतूतून पुढे सरकणार नाही. त्यामुळे पडद्याची गाळणी एका फेरीत साधारण तीस-पस्तीस टक्केच प्लाझ्मा काढू शकते.

आता ६० किलोच्या माणसाचे गणित करू. त्याच्या शरीरात सुमारे २.३ ते २.४ लिटर प्लाझ्मा असतो. मिनिटाला १२० मिलिलिटर रक्त गाळणीतून फिरवले तर त्यात ७२ मिलिलिटर प्लाझ्मा आला आणि त्याचा तीस टक्के म्हणजे जेमतेम २२ मिलिलिटर. सगळा प्लाझ्मा एकदा बदलायला पावणेदोन ते दोन तास लागले. मिनिटाला एवढे रक्त सलग दोन तास हाताच्या शिरेतून मिळणे अवघड असते. म्हणून मोठ्या शिरेत दुहेरी नळी घालावी लागते. तिच्यासोबत जंतुसंसर्गाचा, रक्ताची गुठळी होण्याचा आणि घालताना इजा होण्याचा धोकाही येतो.

पर्याय आहे. सेंट्रिफ्यूज पद्धतीच्या यंत्रात पडदाच नसतो. ताक घुसळल्यावर लोणी वेगळे व्हावे, तसे रक्त गरगर फिरवून वजनानुसार पेशी आणि प्लाझ्मा वेगळे केले जातात. छिद्रेच नसल्याने तुंबण्याचा प्रश्न नाही. एका फेरीत ८० टक्क्यांच्या आसपास प्लाझ्मा निघतो, त्यामुळे निम्म्या प्रवाहावरही काम भागते आणि कोपराजवळच्या चांगल्या शिरा अनेकदा पुरतात. पण इथे रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरतात. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, क्वचित पेटके येतात. जीबीएसच्या रुग्णाला मुंग्या आधीपासूनच असतात. त्यामुळे नवीन मुंग्या कोणत्या आणि जुन्या कोणत्या, हे रुग्णाला विचारूनच ठरवावे लागते. जो व्हेंटिलेटरवर आहे त्याला तर विचारताही येत नाही, मग रक्ततपासणीवर भिस्त.

ही यंत्रे सहसा रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयांत असतात. पडद्याची गाळणी मात्र डायलिसिसच्या किंवा आयसीयूतील तत्सम यंत्राला जोडता येते, आणि ते यंत्र आता तालुक्याच्या गावीही दिसते. जवळ काय आहे, यावर बऱ्याचदा पद्धत ठरते.

रक्ताला पडदा परका का वाटतो?

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराशी रक्ताची जन्माची ओळख असते. प्लास्टिकशी नसते. त्याचा पहिला धडा डायलिसिसनेच दिला. पूर्वी डायलिसिसचे पडदे सेल्युलोजपासून, म्हणजे कापसाच्या वर्गातील पदार्थापासून बनत. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि नंतर पुन्हा दिसू लागतात, हे गूढ १९६० आणि ७०च्या दशकांत उकलले. त्या पेशी मेलेल्या नव्हत्या, फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाऊन अडकत होत्या.

कारण पडद्याच्या पृष्ठभागावरचे रासायनिक गट. शरीरात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची एक साखळी असते. जिवाणूचा परका पृष्ठभाग दिसला की ती पेटते. सेल्युलोजचा उघडा पृष्ठभाग तिला तसाच भासला. साखळी पेटली की तिचे तुकडे पांढऱ्या पेशींना चिथावतात. मग थंडी वाजणे, छातीत दडपण, धाप, पाठदुखी अशी लक्षणे दिसतात. त्यानंतर सेल्युलोजचे ते गट रासायनिक पद्धतीने झाकले गेले आणि पुढे पॉलिसल्फोन, पॉलिइथरसल्फोन, पॉलिप्रॉपिलीन यांसारखे कृत्रिम पदार्थ आले. आजच्या प्लाझ्मा गाळण्या बहुतेक याच कुळातल्या. त्यांच्यावर कॉम्प्लिमेंट पेटत नाही असे नाही, पण खूपच कमी पेटते. शिवाय तयार झालेले हे छोटे तुकडे प्लाझ्माबरोबर काही प्रमाणात बाहेरही टाकले जातात.

प्रत्येक पदार्थाची खोड वेगळी. पॉलिप्रॉपिलीन पाण्याला दूर ठेवते, त्यामुळे प्रथिने त्याला चिकटतात. म्हणून काही पडद्यांवर पाणी धरणाऱ्या पदार्थाचा लेप देतात किंवा मूळ पदार्थातच तो मिसळतात. निर्जंतुकीकरणाचीही एक बाजू आहे. इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेल्या गाळण्यांत त्याचा अंश राहिला तर काहींना पहिल्या काही मिनिटांतच तीव्र अ‍ॅलर्जी येते. रुग्णाला जोडण्यापूर्वी गाळणीतून लिटरभर सलाइन वाहू देतात, ते यंत्रातील हवा काढण्यासाठी जितके, तितकेच असे अंश धुऊन टाकण्यासाठीही. घाई असली तरी ही पायरी गाळली जात नाही.

रक्तदाबाच्या गोळीचा संबंध कुठे येतो?

इथे मात्र घरच्यांच्या एका वाक्याने मोठा फरक पडू शकतो.

१९९०च्या सुमारास युरोपातील काही डायलिसिस केंद्रांत एक विचित्र प्रकार दिसू लागला. डायलिसिस सुरू होताच काही रुग्णांचा चेहरा लाल होई, ओठ-जीभ सुजे आणि रक्तदाब कोसळे. शोध घेतल्यावर दोन गोष्टी समान निघाल्या. या रुग्णांवर पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून बनलेला ‘एएन-६९’ हा ऋण विद्युतभार असलेला पडदा वापरला जात होता आणि ते रक्तदाबासाठी ‘एसीई इनहिबिटर’ वर्गातील गोळ्या घेत होते. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल या त्यातल्या. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असते, तीच ओळख.

ऋणभारित पृष्ठभागाला रक्त लागले की ब्रॅडिकायनिन नावाचे रसायन तयार होते. ते रक्तवाहिन्या सैल करते. एरवी शरीरातील एक एन्झाइम काही सेकंदांत त्याचा फडशा पाडते. ‘प्रिल’ गोळ्या नेमके तेच एन्झाइम बंद करतात. म्हणजे पडदा तोटी उघडतो आणि गोळी मोरी बंद करते. प्लाझ्मा बदलताना भरपाई म्हणून अल्ब्युमिन दिले जाते, तेव्हाही अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हाच प्रकार दिसला आहे. त्यामुळे शक्य असेल तर बैठकीच्या २४ ते ४८ तास आधी या गोळ्या थांबवतात.

जीबीएसमध्ये हे अधिक नाजूक आहे. या आजारात रक्तदाब आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात. रक्तदाब एका तासात चढतो, दुसऱ्या तासात घसरतो. त्यात सुमारे शंभर-दोनशे मिलिलिटर रक्त सतत शरीराबाहेर, नळ्यांत आणि गाळणीत असते. अशा रुग्णाचा दाब पडद्यामुळे पडला की आजारामुळे, हे ओळखायला वेळ लागतो. घाईत दाखल झालेल्या रुग्णाच्या रोजच्या गोळ्यांची पट्टी अनेकदा घरीच राहते. तिचा मोबाइलवर काढलेला फोटोही पुरतो. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. ‘प्रिल’ऐवजी ‘सार्टन’ने संपणाऱ्या गोळ्या वेगळ्या रीतीने काम करतात, त्यामुळे नेमके नाव महत्त्वाचे.

गाळून गेलेल्या चांगल्या घटकांचे काय?

पिशवीत जमलेल्या पिवळ्या द्रवात नको असलेली प्रतिपिंडे असतात, पण त्याच्या कितीतरी पट उपयोगी माल असतो. अल्ब्युमिन भरून देता येते, आणि साधारणपणे पाच टक्के अल्ब्युमिनचे द्रावणच दिले जाते. पण त्यात रक्त गोठवणारी प्रथिने नसतात. म्हणून एका बैठकीनंतर फायब्रिनोजेनची पातळी खाली येते आणि सावरायला दोन-तीन दिवस घेते. दुसरीकडे पडद्यावर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते. दोन्ही एकत्र आले की सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहणे, हिरड्यांतून रक्त येणे असे प्रकार होतात. बैठका रोज न घेता एक दिवसाआड घेण्याचे हेही एक कारण.

रक्तस्रावाची भीती अधिक असेल तर भरपाईला रक्तपेढीतील गोठवलेला प्लाझ्मा देतात. त्यात गोठवणारी प्रथिने असतात, पण अंगावर पित्त उठणे, खाज, ताप या तक्रारी अल्ब्युमिनपेक्षा अधिक दिसतात.

औषधांचाही विचार करावा लागतो. जी औषधे रक्तातील प्रथिनांना चिकटून फिरतात ती प्लाझ्माबरोबर निघून जातात. म्हणून दिवसाच्या औषधांचे वेळापत्रक बैठकीभोवती लावतात, शक्य ती औषधे नंतर देतात. आणि निदानासाठी हवे असलेले प्रतिपिंडांचे नमुने पहिल्या बैठकीच्या आधी घ्यावे लागतात, नाही तर पुरावाच गाळून जातो.

लहान मुलांसाठी वेगळी गाळणी असते का?

असते, आणि असावीच लागते. १५ किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम १२०० मिलिलिटर रक्त असते. मोठ्यांची गाळणी आणि नळ्या जोडल्या तर त्यातले दीडशे-दोनशे मिलिलिटर एका वेळी बाहेर राहील, म्हणजे सहाव्या-आठव्या हिश्शाएवढे. म्हणून कमी पृष्ठभागाच्या, कमी रक्त मावणाऱ्या गाळण्या वापरतात. तरीही प्रमाण जास्त वाटले तर सलाइनऐवजी रक्ताने किंवा अल्ब्युमिनने नळ्या आधीच भरून घेतात. मुलांच्या शिरा बारीक असल्याने नळीचा प्रश्नही अवघड होतो. अनेक बालरोगतज्ज्ञ जीबीएसमध्ये आयव्हीआयजीला झुकते माप देतात, त्यामागे हे सारे आहे.

पडदा अधिक निवडक करता येईल का?

जपानमध्ये १९८०च्या दशकापासून दुहेरी गाळणीची पद्धत रूढ झाली. पहिली गाळणी प्लाझ्मा वेगळा करते. तो फेकून न देता दुसऱ्या, आणखी बारीक छिद्रांच्या गाळणीतून नेतात. तिथे मोठ्या आकाराची प्रतिपिंडे अडतात आणि लहान आकाराचे अल्ब्युमिन बऱ्याच अंशी शरीरात परत जाते. बाहेरून भरायचे अल्ब्युमिन त्यामुळे खूप कमी लागते. इथेही छिद्राचा पेच सुटत नाही. अल्ब्युमिनचे वजन ६६ हजार डाल्टन आणि जीबीएसमध्ये काढायच्या आयजीजी वर्गातील प्रतिपिंडाचे दीड लाख. दोघांत अंतर जेमतेम दुपटीचे. एकाला अडवताना दुसराही काही प्रमाणात अडतोच. याउलट आयजीएम हे प्रतिपिंड सुमारे नऊ लाख डाल्टनचे. ते वेगळे काढणे सोपे जाते. फायब्रिनोजेन मोठे असल्याने तेही अडकते आणि रक्तस्रावाचा प्रश्न इथेही उरतो.

पडद्याचा पृष्ठभाग सौम्य करण्याचे कामही चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत जयेश बेल्लारे यांच्या गटाने पॉलिसल्फोनमध्ये ई जीवनसत्त्वाचे एक रूप मिसळून डायलिसिससाठी पोकळ तंतू तयार केले. रक्ताशी संपर्क आल्यावर होणारा ऑक्सिडीकरणाचा ताण कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. त्यावरचा शोधनिबंध २०११मध्ये प्रसिद्ध झाला. कर्वेनगरपासून काही किलोमीटरवर, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यांवर अनेक वर्षे काम झाले आहे. छिद्रांचा आकार आणि तुंबणे हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. पाणी पडद्यावर उलट वार करत नाही, एवढाच फरक. तो लहान नाही.

पडदाच नको असेल तर?

ढाक्यातील डॉक्टरांनी हा प्रश्न शब्दशः घेतला. बांगलादेशात जीबीएसचे रुग्ण बरेच आणि आयव्हीआयजी किंवा यंत्रावरचा प्लाझ्मा बदल बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. तिथे रुग्णाचे थोडे रक्त नळीतून पिशवीत घेऊन ती स्टँडला टांगली गेली. काही वेळाने पेशी आपल्या वजनाने खाली बसल्या, वरचा प्लाझ्मा काढून टाकला आणि पेशी त्याच बंद नळ्यांतून रुग्णाला परत दिल्या. दिवसातून अनेकदा, असे आठ दिवस. गाळणी नाही, यंत्र नाही, वीजही नाही. २० प्रौढ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धत सुरक्षितपणे करता येते, एवढेच तपासण्यासाठी ती आखलेली होती आणि त्या कसोटीला ती उतरली. खर्च नेहमीच्या प्लाझ्मा बदलाच्या तुलनेत कितीतरी कमी आला. तरी मोठ्या शिरेतील नळी इथेही लागलीच आणि तिच्यासोबत येणारी जंतुसंसर्गाची भीतीही. ही पद्धत आयव्हीआयजी किंवा गाळणीच्या तोडीची आहे की नाही, हे ठरवायला मोठ्या, तुलनात्मक चाचण्या लागतात.